हरणाबाईची वाघर

बायको हरणाबाई गेल्याचा सांगावा आला तेव्हा अर्जुना धनगर कुंडलला सयाजीच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत होता. सांगावा घेऊन थोरला मुलगा भाऊसोच आला. तो सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. चौऱ्याहत्तर साल होतं.

दिवसकार्य उरकून अर्जुना कळपाकडे परतला. मेंढरं कोंडायची जाळी, ती जुनी वाघर, पार विरली होती. नवी वाघर हरणाबाई गाठत होती. ती अर्धीच राहिली, आणि अर्जुना तिला हात लावेना.

"गड्या, वाघरीबिगर मेंढरं रानभर पांगत्यात," सयाजी म्हणाला. "खत माजं, आन पडतंय शेजाऱ्याच्यात."

"तिच्या गाठीम्होरं माजी गाठ कशी मारू?"

रविवारी भाऊसो आला. वाघर हातात घेऊन बसला. "आबा, परदेशात काही जण म्हणत्यात, आधी मोकळी जागा आन मग तिच्यात वस्तू, असं न्हाईच. आधी नुसत्या गाठी. कोण कुणाला बांधलंय, एवढंच. लांब-जवळ, आत-बाहेर त्यातनं मागनं हुतं."

"आन येळ?"

"ती बी. कुठल्या गाठीवर कुठली गाठ बसली, त्यातनंच. अजून सिद्ध न्हाई. हिशेब चाललाय."

अर्जुनाला हे लय आवडलं. मग भाऊसोला दाखवायची हौस आली. त्याने मेखा ठोकून अर्धी वाघर दोन बाजूंना ताणली आणि मेंढरं हाकली. "बघा, हे झालं आत."

म्होरकी मेंढी उघड्या बाजूने सरळ भुईमुगात शिरली. मागून सगळा कळप.

"मास्तर," सयाजी पळता पळता ओरडला, "तुमचं आत बाहेर आलं की रं!"

अर्जुना हसायला लागला. हसता हसता खाली बसला. हरणाबाई गेल्यापासून तो हसलाच नव्हता. मेंढरं वळवून झाल्यावर त्याने घायपाताची सुतळी घेतली, हरणाबाईची शेवटची गाठ चाचपली आणि तिच्या पुढची मारली.

"तिची आवळ, माजी सैल. अशानं जग वाकडं व्हईल का रं?"

"हुंद्या की," भाऊसो म्हणाला. "मेंढरू निसटलं न्हाई म्हंजी झालं."

सांज होईपर्यंत तिसरी बाजू उभी राहिली. मोकळ्या चौथ्या बाजूला मेंढरं अडवायला तिघांनी घोंगडी अंथरली आणि आडवे झाले. म्होरकी येऊन सयाजीचं डोकं हुंगून परत गेली.

चौथी बाजू अजून गाठायची राहिली आहे.