जुन्या कीबोर्डची तपासणी

बाबा मला 'अहो बाई' म्हणायला लागले, त्याला बरेच महिने झाले. आधी मी ते हसण्यावारी नेलं. पण आईला 'अगं' आणि मला 'अहो' हे रोजचंच झालं, तेव्हा हसू आटलं. मला त्यांच्या तोंडून एकदा 'तू' ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं.

विसरण्याच्या या आजारात हाताला पडलेलं वळण सगळ्यात शेवटी जातं, असं डॉक्टर सहज बोलून गेले. मी ते धरून बसले आणि माळ्यावरून बाबांचा कीबोर्ड खाली काढला. बातम्यांच्या कचेरीत त्यांनी जन्मभर तोच बडवला होता. निवृत्त होताना साहेबांकडून मागून घरी आणला. वीट परवडली, इतका जड.

"भंगारवालासुद्धा नेणार नाही हे धूड," आई म्हणाली, "आणि तू त्याचं ऑपरेशन करत बसलीयेस."

कीबोर्डची पिन जुनी, गोल. आमच्या कंप्युटरला फक्त यूएसबी कळतं. नुसती पिन बदलून भागत नाही. दोघांची बोलीच वेगळी, मध्ये दुभाषा लागतो. मी अंगठ्याएवढं सर्किट आणलं, त्यात प्रोग्रॅम भरला, कीबोर्डच्या चारही तारा त्याला सोल्डर केल्या. लावून बघते तर ढिम्म! दोन तारांची अदलाबदल झाली होती. स्वतःच्या नावाने खडे फोडत पुन्हा सगळं उकललं. मग पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं आणि मी एकटीच टाळ्या पिटत बसले.

बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं आणि बाह्या दुमडल्या. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक बटण दाबत, प्रत्येकाचा आवाज कान देऊन ऐकत, ते ओळीओळीने खाली आले.

"दुरुस्तीहून आलेला कीबोर्ड असाच तपासून घ्यायचे कचेरीत," आई कुजबुजली. तिने माझा हात घट्ट धरला होता.

शेवटचं बटण दाबून बाबा माझ्याकडे वळले. इतकी स्वच्छ नजर मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"नवीन मेकॅनिक का तुम्ही?"

आईने तोंड फिरवलं.

"हो," मी म्हटलं.

"झकास केलंत. आधीचा नुसती फुंकर मारून परत पाठवायचा." मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी आवाज खाली आणला. "माझी मुलगी आहे, दुसरीत. रेडिओ म्हणू नका, घड्याळ म्हणू नका, घरात काही धड ठेवत नाही. सगळं खोलून बसते. मी ओरडतो, पण हात आहे हो पोरीला. थोडी मोठी झाली की आणू का तुमच्याकडे? शिकवाल?"

एवढा खटाटोप करून मी त्यांना परत आणलं, आणि ते गेले त्या पोरीकडे. मला तिचा हेवा वाटला, अगदी मनापासून.

"आणा की."

"फार प्रश्न विचारते. डोकं खाईल तुमचं."

"खाऊ दे."

ते समाधानाने हसले आणि उठून दाराशी चपला शोधू लागले.

"निघतो मग. मी गेल्याशिवाय जेवत नाही ती."