चौदा मीटर

"चाळीस म्हणजे चाळीस हं, बाइके. एक्केचाळीस नाही," एल्नुराने खिडकीतून वाकून बजावलं होतं. एसेनकुलने काटा बरोबर चाळीसवर आणला आणि खुणेचा दोर ओलांडताच ब्रेक दाबला. चाकं जाम झाली, गाडी किंचाळली, आणि जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. पुढे सरकत राहिली. शेवटी थांबली तेव्हा त्याची मान पुढे जाऊन मागे आली होती.

राजधानीच्या बाहेर, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ऑगस्टचं ऊन रटरटत होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून अपघात तपासणारे बारा जण प्रशिक्षणाला आले होते; बाकीचे अकरा मोजायची फीत धरून उभे होते. सगळ्यांत वडील एसेनकुल, छप्पन्न वर्षांचा. शिकवणारी एल्नुरा त्याच्या मुलीच्या वयाची; मानाने त्याला बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची. गाडी किती अंतरात थांबेल याचा अंदाज प्रत्येकाने आधीच चिठ्ठीवर लिहून दिला होता. एसेनकुलने हिशेबसुद्धा केला नव्हता. कोरडा डांबरी रस्ता, चाळीसचा वेग: साडेआठ मीटर. तीस वर्षांत हा आकडा त्याच्या बोटांत बसला होता.

"चौदा," फीत धरणारा ओरडला.

बाकीचे हसले. "म्हाताऱ्याचा पाय थकला," कोणीतरी म्हणालं. एल्नुरा हसली नाही. तिने बुटाचा तळवा वर करून दाखवला. त्याला काळं डांबर चिकटलं होतं. ही पट्टी मुद्दामच जास्त डांबर घालून केली आहे, ती सांगू लागली. उन्हात डांबर वर येतं, खडी खाली बुडते, आणि दिसायला कोरडा असलेला रस्ता साबणासारखा होतो. अशा रस्त्यावर टेबलातला, म्हणजे छापील तक्त्यातला, आकडा घेऊन वेग काढला, तर साठने येणारा माणूस कागदावर सत्त्याहत्तरने येतो.

एसेनकुल गाडीतून उतरला नव्हता. सत्त्याहत्तर हा आकडा एल्नुराने सहज घेतला होता. त्याच्यासाठी तो सहज नव्हता.

दुपारचा तास कायद्याचा होता. प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर तज्ज्ञ सही करतो, जाणूनबुजून खोटं मत दिल्यास शिक्षेस पात्र राहीन. ती सही तुमच्यापैकी किती जण वाचून करतात, असं एल्नुराने विचारलं. एकही हात वर झाला नाही. मग तिने विचारलं, आपलाच जुना अहवाल चुकला होता असं कळलं तर काय करायचं?

"तोंड मिटून पेन्शनची वाट बघायची," मागून उत्तर आलं आणि वर्ग पुन्हा हसला.

"कायदा म्हणतो, कोर्टाला लेखी कळवायचं," ती म्हणाली. "नवी वस्तुस्थिती पुढे आली तर खटला पुन्हा उघडता येतो. पण नुसतं 'मला आता वाटतं' चालत नाही. पुरावा लागतो, आणि तोही त्या वेळचा."

एसेनकुलने वहीत काहीच लिहिलं नाही.

ताश-बुलुनला घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी त्याने लाकडी पेटी उघडली. बायको बुरुल अंगणात लोकर पिंजत होती. एवढ्या उन्हात आत काय उकरता आहात, असं तिने दोनदा विचारलं; त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. अपघाताच्या जागेवर टिपणं काढायच्या त्याच्या वह्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. तीन वर्षांपूर्वीचा जुलै महिना काढायला वेळ लागला नाही.

किझिल-ओतोक गावाजवळ हमरस्त्यावर अपघात झाला होता. रस्त्याकडेला किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, विकणाऱ्या सुयुनबुबूची एकोणीस वर्षांची मुलगी आयसुलू रस्ता ओलांडताना प्रवासी व्हॅनखाली गेली. चालक शैलोबेक सांगत राहिला, मी साठच्या मर्यादेच्या वर नव्हतो, ती उभ्या ट्रकच्या आडून आली. रस्त्यावर एकतीस मीटर ब्रेकच्या खुणा होत्या. कुबान तेव्हा तपास अधिकारी होता, नव्या दमाचा, सगळ्याची घाई असलेला. पोलिसांची जुनी गाडी घेऊन त्यांनी तिथेच ब्रेकची चाचणी केली होती. एसेनकुलच्या वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं: वेग ४०, थांबली १४ मीटरवर. खाली आणखी एक ओळ होती: बुटाला डांबर.

त्या ओळीवर नंतर पेनने आडवी रेघ मारलेली होती. ती रेघही त्याचीच.

त्याला सगळं स्वच्छ आठवलं. कुबान म्हणाला होता, पोलिसाने ब्रेक नीट दाबला नसेल, अशा अर्धवट चाचणीवर वकील आपले कपडे उतरवतील. टेबलात काय आहे ते घ्या की. टेबलात होता कोरड्या रस्त्याचा आकडा. त्याने वेग आला सत्त्याहत्तर. समोर चादरीखाली मुलगी होती, तिची आई चालकाच्या अंगावर धावून जात होती, आणि सत्त्याहत्तर हा आकडा सगळ्यांना हवा होता. चाचणी अहवालात आलीच नाही. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं होतं, निष्कर्षाबद्दल काही शंका? त्याने नाही म्हटलं होतं. शैलोबेकला पाच वर्षं झाली. त्यातली तीन आता गेली होती.

सोमवारी तो कुबानकडे गेला. कुबान आता सरकारी वकिलांच्या कचेरीत दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. त्याने उठून दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं, चहा मागवला, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वही हातात घेऊन ते पान बराच वेळ पाहिलं. मग ती बंद करून टेबलावरून परत सरकवली.

"बाइके, तुम्ही मला थोरल्या भावासारखे आहात म्हणून सांगतो," तो म्हणाला. "वही दाखवली नाहीत तर तुम्ही फक्त चुकलात. चूक माणसाकडून होते. वही दाखवलीत तर आकडा तुमच्याकडे होता आणि तुम्ही तो लपवलात. याला कायदा चूक म्हणत नाही."

एसेनकुलने सांगितलं, वहीशिवाय कोर्ट खटला उघडणारच नाही. रस्ता दोन वर्षांपूर्वी नव्याने केला, आता तिथे काही मोजता येत नाही. त्या दिवसाचं एवढं एकच पान उरलं आहे.

"तेच म्हणतोय मी. मग शैलोबेकचं काही होणार नाही आणि तुमचंही काही होणार नाही. दोन वर्षांत तो सुटतोच आहे. तुमच्या सहीचे तीनशे खटले आहेत, बाइके. ही वही पुढे आली की एकेका फाइलचा वकील दारात उभा राहील. त्यातले खरोखरचे गुन्हेगारही सुटतील. ते चालेल तुम्हाला?"

हा प्रश्न खोटा नव्हता. एसेनकुल वही उचलून उठला. चहा तसाच राहिला. दारापर्यंत पोचवायला आलेल्या कुबानने खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हटलं, "त्या पानावर माझं नाव कुठंच नाही. बघितलंत ना?"

"बघितलं," एसेनकुल म्हणाला.

त्यानंतरचे दहा दिवस त्याने कसे काढले ते बुरुललाच ठाऊक. जेवता जेवता तो थांबायचा. नातवाने खेळण्यातली गाडी फरशीवर सरकवली की चाकांकडे बघत बसायचा. एकदा तो उठून शैलोबेकच्या घरापर्यंत गेला. दारात त्याची बायको सरपण फोडत होती; पुरुषाचं काम, पण हात सरावलेले दिसले. तिने त्याला ओळखलं. कुऱ्हाड खाली न ठेवता विचारलं, आता आणखी काय मोजायचं राहिलं? तो परतला.

घरी येऊन त्याने बुरुलला सगळं सांगितलं. ती रडेल, हात धरून अडवेल असं त्याला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, तुम्हाला आत टाकतील का? माहीत नाही, तो म्हणाला. मग तिने पिंजलेल्या लोकरीचा ढीग बाजूला सारून टेबल मोकळं केलं आणि कागद आणून ठेवला.

अर्ज त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिला, चार पानं. वहीचं पान फाडलं नाही, सगळी वही जोडली. एका ठिकाणी तो अडला. 'चाचणीची नोंद नजरचुकीने अहवालात आली नाही' असं लिहिलं, वाचलं, आणि खोडलं. त्याजागी लिहिलं, 'नोंद मी वगळली.'

सुनावणी नोव्हेंबरच्या शेवटी लागली. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आत कोळशाच्या शेगडीने नुसता धूर केला होता. शैलोबेकला दोन शिपायांनी आणलं. तो वाळला होता; कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली होती. पहिल्या बाकावर सुयुनबुबू बसली होती, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधून. सरकारच्या बाजूने कुबान होता. भिंतीला टेकून एल्नुरा उभी होती. चाचणीच्या पद्धतीबद्दल तिचं मत कोर्टाने मागवलं होतं. तिची साक्ष अर्ध्या तासात झाली. चौदा मीटर हा आकडा डांबर वर आलेल्या रस्त्याशी तंतोतंत जुळतो, त्यावरून व्हॅनचा वेग साठच्या आतबाहेर निघतो, आणि त्या वेगाने एवढ्या जवळून निघालेल्या माणसाला वाचवणं कोणालाच शक्य नव्हतं, असं ती म्हणाली.

मग एसेनकुलला बोलावलं. त्याच्यापुढे तोच छापील कागद आला, शिक्षेस पात्र राहीन वगैरे. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. न्यायाधीशबाई थांबून राहिल्या. त्याने सही केली.

"अहवालावर सही करताना ही चाचणी तुम्हाला माहीत होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"विसरला होता?"

शैलोबेकच्या वकिलाने मान वर केली. 'हो' म्हटलं तरी अशिलाचं काम होणार होतं, आणि साक्षीदारही वाचणार होता. कुबानने पेन खाली ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "लक्षात होती. ती घेतली तर कोणाचाच गुन्हा निघत नव्हता. म्हणून घेतली नाही."

"कोणी तसं सांगितलं तुम्हाला?"

"तपास अधिकाऱ्यांनी टेबल बघा म्हटलं. मी ऐकलं. सही माझी आहे."

कुबानचे कान लाल झाले. न्यायाधीशबाईंनी शब्द न शब्द लिहून घ्यायला लावला.

तेवढ्यात सुयुनबुबू उठली. तिला बोलायची पाळी नव्हती. शिपायाने बसायची खूण केली, पण न्यायाधीशबाईंनी त्याला थांबवलं.

"तीन वर्षं मी या माणसाला शाप देतेय," ती शैलोबेककडे बोट करून म्हणाली. "रोज. भाकरी थापताना, घोडी पिळताना. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून." मग ती एसेनकुलकडे वळली. "आता म्हणता याचा दोष नाही. मग माझ्या पोरीला मारलं कुणी? डांबराने?"

एसेनकुलला वेगाचं गणित येत होतं, अंतराचं येत होतं. या प्रश्नाचं येत नव्हतं. त्याने मान खाली घातली, आणि सुयुनबुबू बसेपर्यंत तशीच ठेवली.

शैलोबेक डिसेंबरात सुटला. घरी गेला, मेंढरू कापलं, गाव जेवलं. एसेनकुलला बोलावणं आलं नाही, आणि यावं असं त्यालाही वाटलं नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. हिवाळाभर चौकशी चालली. एप्रिलमध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. स्वतःहून कबूल केलं म्हणून ती स्थगित ठेवली, आणि तज्ज्ञ म्हणून काम करायला कायमची बंदी आली. त्याच्या सहीच्या सगळ्या फाइली वर काढून एका समितीपुढे ठेवल्या गेल्या. पुढे त्यांतल्या चार खटल्यांत गफलत निघाली. एका प्रकरणात खरोखर दारू पिऊन माणूस चिरडणारा चालकही त्या गोंधळात सुटला. कुबानची बदली झाली, तीही वरच्या जागेवर. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराची चौकशी कोणी मागितली नाही.

जूनमध्ये एका सकाळी तो बसने किझिल-ओतोकला उतरला. का आलो हे त्याला नीट सांगता आलं नसतं. सुयुनबुबू तिच्या जागी होती, निळी पिंपं आणि वाडगे मांडून. त्याला पाहून तिने तोंड फिरवलं नाही, पण बसही म्हटलं नाही. दोन गिऱ्हाइकं आली, किमिझ पिऊन गेली. तो उभाच राहिला.

मग तिने, पिंपाचं झाकण पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही सगळं मोजलं होतं ना त्या दिवशी?"

"हो."

"मला त्यांनी जवळ जाऊ दिलं नव्हतं. ती जात होती की येत होती?"

हे कोणत्याच कोर्टाने विचारलं नव्हतं. वेग काढायला त्याची गरज नव्हती. पण मुलीचे बूट कुठे पडले होते, तिच्या हातातली बादली कोणत्या बाजूला कलंडली होती, हे सगळं त्याने नकाशावर काढलं होतं.

"येत होती," तो म्हणाला. "तोंड इकडं होतं. तुमच्याकडं."

सुयुनबुबूने फडकं घडी करून ठेवलं. रुमाल सारखा केला आणि विचारलं, जागा दाखवाल? एसेनकुलने मान हलवली. तो आधी रस्त्यावर गेला. खालून डोंगराकडे चढणारा एक मालट्रक येत होता. त्याने मधोमध उभं राहून हात वर केला आणि ट्रक पुरता थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग मागे वळून तिला यायला सांगितलं.