बारा घरांचा चहा

धम्मप्रिया नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरच्या मेमरीवर संशोधन करायची. कॉम्प्युटर नेमक्या कोणत्या खणातली माहिती काढतोय हे पाळत ठेवणाऱ्याला कळू नये, म्हणून तिची मेमरी एका खणासाठी बारा खण उघडायची. गुपित पक्कं राहायचं, फक्त काम होईस्तोवर माणूस जेवून यायचा. परीक्षकांनी पेपर परत पाठवला: सुरक्षित आहे, पण फार संथ.

सुट्टीत ती उमरीजवळच्या आपल्या गावी आली, तर तिथं आईचाही हाच घोळ. आई, महामाया, गावची आशाताई, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका. गल्लीत एका घरी टीबीचा पेशंट होता आणि आशाताई कुणाच्या दारात शिरते यावर सगळ्यांची नजर. म्हणून गोळ्या द्यायच्या दिवशी ती गल्लीतली बाराही घरं हिंडायची. घरटी चहा.

“पोटात लई जळून राहिलंय,” महामाया म्हणाली. “पण करू काय? घर कळलं तर त्यांच्या पोरीची सोयरीक मोडंल. कुणाला कळलं तर गोळ्याच सोडतो म्हणून बसलाय तो माणूस. अर्ध्यात सोडल्या तर मरंल.”

“कुणाचं घर हाय?”

“ते तुला कशाला?”

धम्मप्रियानं कॉलेजात सुचलेला उपाय आईवर करून पाहिला. एका दिवशी बारा नकोत. रोज दोन घरं, रविवारी आराम, आणि क्रम दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदलायचा. महामायाची जळजळ थांबली. लेकीच्या संशोधनाचा हा पहिला ठोस निकाल होता.

मग उपाय तपासायचा म्हणून पाळत ठेवणाऱ्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं, म्हणजे पिशवी धरून आईमागं हिंडली. आठवडा संपायच्या आत तिनं घर ओळखलं.

“हणमंतराव.”

महामाया भाकरी थापायची थांबली. “कुणी सांगितलं?”

“तूच. बाकी सगळीकडं आत बसून चहा पितीस, तिथं ओट्यावर. मग गोठ्यामागं त्यांच्या सिंधुकाकूला गाठून गोळ्या देतीस. गल्लीला काय डोळे न्हाईत?”

“त्यांनी आपल्याला आत कधी बोलवलंय?”

ते खरंच होतं. त्या ओट्याच्या वळचणीला कान तुटलेला एक कप वर्षानुवर्षं आशाताईसाठी वेगळा ठेवलेला असायचा. लहानपणी धम्मप्रियाही त्यातूनच पाणी प्यायली होती. तिला राग आला, आणि तो गिळावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर त्या ओट्यावर बसली. हणमंतराव बाजेवर होते.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “अकरा घरी आई आत बसती. हे एकच घर वेगळं दिसतंय. वेगळं दिसलं की कळतं.”

हणमंतराव बराच वेळ खोकले. “मग उपाय?”

“सगळी घरं सारखी दिसाय पाहिजेत.”

“म्हंजे?”

“म्हंजे चहा आत.”

हणमंतरावांनी वळचणीकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या शिवांगीकडं. सोयरीक तिची होती.

“या आत, आशाताई,” ते म्हणाले. आजवर ते नुसतं “बस तिथं” म्हणायचे.

गल्लीनं हे पाहिलं. हणमंतराव सरपंचकीला उभे राहणार, यावर संध्याकाळपर्यंत गल्लीचं एकमत झालं. टीबीचं नाव कुणी काढलं नाही.

आत सिंधुकाकूंनी चहा आणला. एका ताटात कप, आणि लांबच्या कोनाड्यातून काढलेला एक स्टीलचा पेला. पेला त्यांनी नवऱ्यापुढं जमिनीवर ठेवला आणि पटकन हात मागं घेतला. आजार निघाल्यापासून घरात असंच चाललं होतं. हणमंतराव खाली मान घालून त्या पेल्याकडं बघत राहिले.

महामायानं पेला उचलला आणि ताटात बाकीच्या कपांशेजारी ठेवला.

“कपानं काही लागत न्हाई, सिंधुबाई,” ती म्हणाली. “सगळ्या घरी सांगून झालं. तुमच्याच इथं सांगायचं राहिलं होतं.”