डिझेलनं धुतलेला कोबा

अहो, जरा खाली बघा! मी कोबा बोलतोय, सक्करदऱ्यातल्या भैयाजींच्या स्कूटर-गॅरेजचा. आज खंडेनवमी. पाने-पकडींची पूजा मांडलीय आणि मी सकाळपासून नुसता तळमळतोय. शामलाबाई आत येतील का? आणि आल्याच, तर पुन्हा पडणार तर नाहीत ना?

एकोणीस वर्षांपूर्वी भैयाजींनी स्वतः सिमेंट, वाळू, गिट्टी कालवून मला घातलं. थापीनं घोटून घोटून असं गुळगुळीत केलं, की शेजारी बघायला आले. माझ्यावर पहिलं स्वस्तिक काढलं ते त्यांच्या बायकोनं, शामलाबाईंनी. दर खंडेनवमीला तो मान त्यांचाच. मी भारी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग इंजिनचं काळं तेल, ग्रीस, सगळं माझ्याच अंगावर. माणसाची तऱ्हा बघा! स्कूटरवर थेंब पडला की लगेच फडकं, माझ्यावर पडला की, "राहू दे गा, सुकते!"

त्यात भैयाजींचा एक हट्ट, मला डिझेलनं धुवायचं. "तेलाले तेलच काढते," म्हणायचे. मळ निघायचा, मी चमकायचो, पण अंगावर बुळबुळीत थर राहायचा. बोंबलून सांगावंसं वाटायचं, पण कोब्याचं ऐकतो कोण!

आषाढात शामलाबाई डबा घेऊन आल्या आणि माझ्यावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. तेव्हापासून डबा बाहेरच्या पायरीवर.

परवा भैयाजी पायरीशी जाऊन म्हणाले, "पूजेले तरी आत ये नं वं. स्वस्तिक तूच काढतं."

"मले भेव लागते," त्या म्हणाल्या. "डिझेलनं धुतलेल्या ताटात जेवसान का तुम्ही? मग या कोब्याले काहून डिझेल? दिवाळीत मी डबे घासते तसं घासा. सोडा न् गरम पाणी."

भैयाजींनी आत येऊन माझ्यावरून बोट फिरवलं.

काल त्यांनी पत्र्यानं माझ्यावरचा थर खरवडला, लाकडाचा भुसा टाकून तेल टिपलं. मग धुण्याचा सोडा, कढत पाणी आणि खराटा. गुडघे टेकून तीनदा घासलं. "चुकलंच माह्यं," पुटपुटत होते. झोंबलं मला, पण मी हूं की चूं केलं नाही.

आत्ता त्या दारात आल्यात. चपला काढल्या. अंगठ्यानं आधी मला चाचपलं.

"आता धरते बरं हा पायाले," म्हणाल्या, आणि आल्या की हो आत! डाव्या हातानं स्वस्तिक काढताहेत. वाकडं येतंय, येऊ द्या.

पण त्या कोपऱ्यातल्या स्कूटरखाली तेलाचा एक थेंब लोंबतोय. मला चमकायचं नाही हो, फक्त या बाईचा पाय धरून ठेवायचाय. भैयाजी, तिकडे बघा! अहो, फडकं घ्या!