पुसताना निघणारी गर्मी

चिंतामण बालाघाटच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, पण गावासाठी ते मास्तरच. बाहत्तर सालच्या माघातल्या एका रविवारी त्यांनी ओसरीत येरझाऱ्या घालून बायकोला, अहिल्याबाईंना, नुसता वात आणला होता. कारण खाटेवर बसलेला धाकटा भाऊ हिरालाल. शेताच्या वाटणीवरून दोघांचं वाजलं, त्या रागात आई मरणाला टेकली तरी यानं लांजीहून निरोप धाडला नाही. मास्तर पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद. आता उद्या हिरालालच्या प्रेमलताचं लग्न, आणि मोठे बाबा, म्हणजे मास्तर, आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही म्हणून पोरगी अडून बसलेली.

"झालं गेलं विसर ना, दादा," हिरालाल म्हणाला.

झालं! मास्तर भडकले आणि, काय म्हणावं या माणसाला, फिजिक्सच सांगू लागले. नागपूरहून आणलेल्या एका मासिकात त्यांनी वाचलं होतं, की साधं हो किंवा नाही एवढंच कुठं नोंदलेलं असलं, तरी ते पुसताना थोडी उष्णता बाहेर पडतेच. लिहिणं एकवेळ फुकटात जमेल, पुसणं नाही. अणूंचे कायदे जगावेगळे, तिथं तरी पळवाट असेल म्हणून मास्तरांनी गेला अख्खा उन्हाळा गणितं केली. पण पुसणारं यंत्र अणूएवढं केलं तरी सुटका नव्हती.

"मंग निघू दे ना गर्मी," हिरालाल म्हणाला. "माह्यावरच काढ."

मग काय विचारता! इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मास्तरांनी बाहेर काढलं. शेजारचे खेमराज कुंपणापाशी आले आणि गुपचूप परत गेले. हिरालाल मान खाली घालून ऐकत राहिला. घसा बसला, तरी मास्तरांना हलकं म्हणून वाटेना, आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.

"माय विचारे, चिंतू आला का," हिरालाल हळू बोलला. "मी म्हनो, येऊन राह्यला, बसमदी बसला. मले ते पुसता येत नाही, दादा."

मास्तर थांबले. "तिले खरं वाटलं?"

"हौ. तुह्यासाठी भात झाकून ठेवाले सांगतलं."

मास्तरांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी अहिल्याबाईंना पिशवी भरायला सांगितली.

"माफ नाही केलं तुले," ते भावाला म्हणाले. "चाल. पोरगी वाट पाहून राह्यली."