कचरूची सुटका

मंजुळाबाईनं झाडू बाजूला ठेवला, पडवीच्या टोकाच्या दगडाला कान लावला आणि हातानंच सगळ्यांना गप्प केलं. सगळे म्हणजे फौजदार माणिकराव आणि शिपाई सहदेव. झाडणाऱ्या बाईनं फौजदाराला गप्प करावं, म्हणजे कलियुगच आलं म्हणायचं!

महाराष्ट्र होऊन तिसरं वर्ष. गावाला नवं सिमेंटचं ठाणं मंजूर झालं होतं आणि उद्या जुनं पाडायचं होतं. जुनं ठाणं मोठं देखणं. काळा घडीव दगड, चुन्यातलं काम, पडवीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानीचं गोल छत. बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाची करामत अशी, की पलीकडच्या कोठडीत कोणी कुजबुजलं तर ते छतावरून थेट या टोकाला, पहाऱ्यावरच्या शिपायाच्या कानात पडायचं. मलकापूरकडचे किती खिसेकापू या छतानं उघडे पाडले असतील, देव जाणे.

मंजुळाबाईचा नवरा कचरू याच कोठडीत तापानं गेला. सरकी चोरल्याचा आळ होता, तोही पुढं खोटा निघाला. तेव्हापासून ती इथं झाडायला यायची. लोक म्हणायचे, बाई उलट्या काळजाची. पण तिला या दगडापाशी रोज त्याचा खोकला ऐकू यायचा, आणि तेवढ्यावर ती जगत होती.

माणिकरावांनी हसून तिची समजूत घातली, की हा सगळा कमानीचा खेळ आहे, कोठडीत माणूस असला तरच इथं ऐकू येतं. मंजुळाबाई म्हणाली, "तेच त म्हणून राह्यली मी."

आणि खोकला आला. कोरडा, दमलेला. माणिकरावांनी चटकन सहदेवकडे पाहिलं. तो शेजारीच उभा होता, तोंड घट्ट मिटून. कोठडी रिकामी होती, बाहेरून कुलूप होतं. भर दुपारी दोघांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"सायेब, तो मेला तव्हा त्याले मांगच्या दारानं काढला," मंजुळाबाई म्हणाली. "नाव घेऊन कोणी सोडलंच नाही. सांगितल्याबिगर तो कसा निंघन? उद्या भिंती पडल्या त दबून जाईन बिचारा."

ठाण्याची रीतच होती तशी. कैदी सुटला की फौजदारानं दारात उभं राहून नाव पुकारायचं, मगच त्यानं उंबरा ओलांडायचा. माणिकराव कोठडीपाशी गेले. त्यांनी टोपी चढवली, पट्टा नीट केला, कुलूप काढून दार सताड उघडलं.

"कचरू, तू सुटला. जाय घरी."

गार वारा अंगावरून गेल्यासारखं त्यांना वाटलं. मंजुळाबाईनं पुन्हा दगडाला कान लावला. बराच वेळ लावला. काही नाही. इतक्या वर्षांची सोबत सुटली म्हणून तिला हुंदका फुटला. मग पदरानं डोळे पुसून ती निघाली.

सहदेव पायरीवरून बघत राहिला. एरवी बाई कशी तरातरा चालायची. आज ती रस्त्याच्या कडेनं अगदी हळू चालली होती, पुढचं माणूस आजारी असावं तशी, दोन पावलं मागं राहून.