फावड्याचे तीन ठोके

इंजिनासमोरच्या फलकावर पहिली ओळ. वजन: सत्त्याण्णव टन.

एवढी धिप्पाड सवत. बाई तिला आज पहिल्यांदाच पाहत होत्या. एकतीस वर्षं नवरा हिच्याकडे नांदला आणि घरी पाहुण्यासारखा आला.

खालची ओळ. कर्मचारी: दोन. चालक, फायरमन.

घरीही दोनच. नवरा बोलायचा नाही. चमच्याने ताटावर एक ठोका: पाणी. दोन: पुरे. सासू म्हणायची, माझ्या पोटी ठोक्यांनी बोलणारा तारमास्तर जन्मला. शेजारणी हसायच्या, बाईही हसायच्या, आणि आतून जळायच्या. मी काय घंटा वाजली की धावणारी मोलकरीण?

मग दवाखाना. खाटेचा लोखंडी दांडा. अंगठीने तीन ठोके. पाणी पुढे केलं, त्याने मान फिरवली. उशी उंच केली. तेही नाही. पुन्हा तीन. बाई नर्सला बोलवायला गेल्या, आणि आल्या तोवर

तोवर संपलं होतं.

त्याला दोन महिने झाले. ही खोड इंजिनावरचीच असणार; तीन म्हणजे काय, एवढंच विचारायला बाई दोन बस बदलून या रेल्वे संग्रहालयात आल्या होत्या.

आत दुसरं कुणी नव्हतं. पितळ पुसणारा एक म्हातारा होता. त्याने आधी साखळीच्या मागे व्हायला सांगितलं. बाई ह्याच इंजिनाच्या चालकाची बायको, हे कळल्यावर साखळी स्वतःच काढली, फडकं खांद्यावर टाकलं आणि वहिनी म्हणू लागला. तोही फायरमन, पण दुसऱ्या इंजिनावरचा. ह्या इंजिनाच्या फायरमनला जाऊन बारा वर्षं झाली होती.

त्याने हात देऊन बाईंना वर घेतलं. एवढीशी जागा, वळलं की कोपराला कोपर. भट्टी पेटली की कानात शब्द शिरत नसे, त्याने सांगितलं, म्हणून चालकाने फायरमनला भट्टीच्या दारावर फावड्याने ठोके द्यायचे. एक: बॉयलरमध्ये पाणी सोड. दोन: कोळसा पुरे.

बाईंनी त्या दाराला हात लावला. थंडगार. घरीही हेच, त्या म्हणाल्या: एक, पाणी; दोन, पुरे.

"घरी पण ठोकायचे?" म्हातारा म्हणाला. "वहिनी, परक्याला आम्ही नाही ठोकायचो. बदलीवरचा जोडीदार असला की ओरडून ओरडून घसा बसायचा."

बाईंनी बोटाने दारावर दोन ठोके दिले. मग, "आणि तीन?"

"एक, दोन सगळ्यांचं सारखं. तीन ज्या त्या जोडीचं. आपापसात ठरवलेलं."

"तुमच्या जोडीत?"

"आमच्यात तीन म्हणजे, मी जरा टेकतो, पुढचं तू बघ."

पुढचं तू बघ. माप घेऊन शिवल्यासारखं बसत होतं. घेऊन टाकावं. कोण येणार होतं विचारायला?

"ते तुमचं झालं, भाऊ," बाई म्हणाल्या. "आमचं ठरायचंच राहिलं."

म्हाताऱ्याने चालकाची बैठक फडक्याने पुसून दिली, पाच वाजता फाटक लावतो, तोवर बसा म्हणाला, आणि सांभाळून उतरला.

बाई त्या बैठकीवर बसल्या नाहीत. पलीकडे फायरमनची फळी होती, तिथे बसल्या. तिथून चालकाची जागा सरळ समोर दिसत होती.